कोबेचं विटांचं घर आणि माझं 'जरा'

जपानला जाऊन लोक फुजी पर्वत बघतात, चेरीचा बहर बघतात, गेलाबाजार हरणांना बिस्किटं भरवतात. आम्ही विटा बघून आलो. लाल, भाजलेल्या, आपल्याकडे ट्रक भरभरून मिळतात तशा विटा. त्याही जपान्यांच्या नव्हेत, एका इंग्रजाच्या घराच्या. परत आल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "भिंत." त्यांना वाटलं, आम्ही चीनला जाऊन आलो.

या सगळ्याला कारण मी. आत्ताची मी नव्हे, बावीस वर्षांची मी. ती बाई आज कुठे भेटली तर तिला कोपऱ्यात घेऊन दोन शब्द सुनावीन म्हणते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून दोन दिवस सुटका म्हणून आम्ही लोणावळ्याला गेलो होतो. तिथे झाडीत कुणा साहेबानं बांधलेला विटांचा बंगला दिसला. उतरतं छप्पर, पुढे आलेल्या खिडक्या, वर धुराड्याची उंच चिमणी. मी काळा चष्मा कपाळावर सरकवला, फाटकाला टेकले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "राहीन तर अशाच घरात." चष्म्याची एक काडी सैल होती. तो तेवढ्यात घसरला आणि दणकन नाकावर बसला. इतका स्पष्ट इशारा मिळूनही बाईंना अक्कल आली नाही. त्यांनी तेच वाक्य नाक चोळत पुन्हा म्हटलं.

आमचे हे तेव्हा बँकेत नवीन लागले होते. मी बोलले आणि घाट उतरेपर्यंत विसरले. यांनी ते वाक्य तीस-पस्तीस वर्षं सांभाळून ठेवलं. बदल्या होत होत आम्ही पुण्याला आलो, हे निवृत्त झाले, तळेगावला प्लॉट घेतला, आणि एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. दोन मजली घर, सगळं उघड्या विटांचं. पुढे आलेल्या खिडक्या. दिवाणखान्यात शेकोटी. तळेगावला शेकोटी. स्वयंपाकघर मागे, उत्तरेला, कारण इंग्रजांचं तसंच असतं.

तोवर माझे गुडघे जिना बघितला की कुरकुरत होते. मला हवं होतं एक मजल्याचं साधं घर, पूर्वेच्या उजेडातला ओटा, आणि ओट्यापाशी उभी राहिले की फाटकातून कोण येतंय ते दिसेल अशी खिडकी. पण जो माणूस माझ्या एका वाक्यासाठी जन्मभर खपला, त्याला नाही कसं म्हणायचं? अगदीच गप्प बसले असंही नाही. प्लॉट घेताना म्हटलं, "जरा बघू." नकाशा आला तेव्हा म्हटलं, "जरा थांबू या का?" माझ्या माहेरी कुणी 'जरा' म्हणालं की समोरचा आपण होऊन विषय बदलतो. यांना वाटायचं होकार आहे, फक्त चाल थोडी हळू आहे.

आम्ही जपानला निघालो तेव्हा तळेगावचा कंत्राटदार ठरला होता. परत आलो की पाया खणायचा. म्हणजे 'नाही' म्हणायला माझ्यापाशी फक्त तो प्रवास उरला होता.

उरायासु

त्या वर्षांत ज्या घरातला मुलगा कॉम्प्युटर शिकला त्या घरातून तो अमेरिकेला तरी जायचा नाहीतर जपानला. आमचा अमित टोकियोतल्या कंपनीत होता आणि राहायला खाडीकाठच्या उरायासुला. त्यांच्या इमारतीत इतकी आपली माणसं की लिफ्टमध्ये फोडणीच्या वासावरून मजला ओळखता यायचा. सून मानसी नवऱ्यामागे आली, वर्षभर खिडकीतून समुद्र बघून कंटाळली, मग हट्टानं जपानी शिकली आणि आता एका ऑफिसात भाषांतराचं काम करत होती. नात मिहिका पाच वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जपानीत यायचं. मी विचारायचे, "जेवलीस का गं?" ती काहीतरी गोड बोलायची, आणि मी मानसीकडे बघायचे.

घर छान होतं, एवढंसं होतं. गादी घडी करून कपाटात आणि सकाळी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात. त्या गॅलरीला तिकडे 'बेरांदा' म्हणतात. हे ऐकून आमच्या यांना भरतं आलं. "म्हणजे व्हरांडा. आपलाच शब्द, इंग्रजांनी इथवर आणला." आठवडाभर येईल त्याला हे ऐकवलं. अमितचे मित्र बिचारे मान डोलवत.

आणि मग कचऱ्याचं प्रकरण झालं. तिकडे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. एके सकाळी सुनेला मदत म्हणून हे प्लास्टिकची पिशवी घेऊन खाली गेले. वार चुकीचा. खाली कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारीणबाईंनी पिशवी पाहिली, हसून वाकल्या, दातांतून हवा आत ओढली आणि काहीतरी अर्धवट बोलल्या. हे त्यांच्याहून जास्त वाकले, "थँक यू, थँक यू" म्हणाले, पिशवी ठेवली आणि वर येऊन म्हणाले, "शेजारीण फार लाघवी आहे हो."

चहा होतो न होतो तोच बेल वाजली. दारात शेजारीण, हातात आमची पिशवी. मानसीनं ती घेतली आणि कमरेत किती वेळा वाकली ते मी मोजलं नाही. दार लागल्यावर ती लालबुंद चेहऱ्यानं वळली.

"बाबा, त्या नको म्हणाल्या होत्या ना तुम्हाला?"

"छे. हसून चोत्तो का काहीतरी म्हणाल्या."

"तेच नको."

"चोत्तो म्हणजे नको?"

"चोत्तो म्हणजे जरा."

"जरा काय?"

"पुढे काही नसतं, बाबा. जरा म्हणायचं आणि थांबायचं. उरलेलं समोरच्यानं समजून घ्यायचं. इथे तोंडावर कोणी नाही म्हणत नाही."

"आणि नाही समजलं समोरच्याला तर?"

"समजतंच. लहान मुलांनाही समजतं." मानसीनं मिहिकाकडे वळून विचारलं, "दूध घेणार?"

"चोत्तो," मिहिका म्हणाली आणि पेला लांब सारला.

मी ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होते. माझा हात थांबला. इतक्या लांब, समुद्राच्या पार, एक अख्खा देश माझी भाषा बोलत होता, आणि मी जन्म काढला कुणाबरोबर, तर ज्याला पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय काही कळत नाही त्याच्याबरोबर.

यांनी मात्र तो शब्द मनावर घेतला. पिशवी परत येणं हा त्यांना बँकेतून चेक परत येण्यासारखा अपमान वाटला. दोन दिवस घरभर 'चोत्तो, चोत्तो' घोकत होते.

कोबे

स्टेशनवर ठेवलेल्या एका माहितीपत्रकात यांना फोटो दिसला. कोबेच्या टेकडीवर, जुन्या परदेशी व्यापाऱ्यांच्या वस्तीत, एका इंग्रजानं बांधलेलं विटांचं घर. बघायला खुलं. "बघ, बघ, हुबेहूब," म्हणत ते माझ्या मागे मागे फिरले. हुबेहूब कशाच्या, ते विचारायची सोय नव्हती. क्योतोची बाग बघू, असं मी म्हणून पाहिलं. जरा बघू, हे म्हणाले. यांचं 'जरा' अगदी मराठी होतं, म्हणजे नंतर नक्की बघू असं. क्योतोची बाग आम्ही आगगाडीच्या खिडकीतून पाहिली, म्हणजे क्योतो स्टेशनच्या बाहेरची झाडं.

अमितला ऑफिसात नवीन काम सुरू करायचं होतं, तो येऊ शकला नाही. मानसीनं रजा काढली आणि आम्ही चौघं निघालो. गाडीबद्दल एवढंच सांगते की डब्यात सगळे शांत बसले होते, आणि मी दशम्यांबरोबर लसणाची चटणी उघडली. माझ्या पुढच्या तीन रांगांतली माणसं एकदम खिडकीबाहेर बघू लागली. त्या देशात तक्रार अशी करतात.

कोबेला आपले लोक फार जुने, पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी. पण आम्हाला भूक लागली तेव्हा त्यांच्यातलं एकही दुकान उघडं सापडलं नाही. एका छोट्या नूडलच्या दुकानात शिरलो. हे शाकाहारी. मानसीनं मालकाला विचारलं, नूडलचं पाणी माशाशिवाय मिळेल का? डोक्याला पंचा बांधलेल्या त्या माणसानं दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, "चोत्तो…"

त्याचं तोंड मिटायच्या आत हे उठून उभे. "चला. नाही म्हणतोय तो."

मानसी चकित झाली. "बाबा, एकदम पटलं तुम्हाला."

"अगं, चेहऱ्यावर लिहिलेलं असतं," हे म्हणाले.

माझ्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षं काय लिहिलं होतं, देव जाणे.

शेवटी कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून भाताचे त्रिकोणी गोळे घेतले. यांच्यात आंबट प्लम. माझ्यातही तेच, असं मानसी म्हणाली. पण माझं माहेर मालवणचं. पहिल्या घासाला कळलं की पाकीट बदललंय, आत मासा आहे.

"काय आहे गं आत?" यांनी विचारलं.

"आंबटच काहीतरी," मी म्हटलं, आणि मानसीला सांगून तसलाच आणखी एक मागवला.

टेकडीवर

घर टेकडीवर होतं, आणि टेकडी सरळ उभी. माझ्यासारख्या बाईनं साडीवर पांढरे स्पोर्ट शूज घालून तिथे चढावं, हे बघायला दुतर्फा शाळेच्या मुली थांबल्या होत्या. दोघींनी फोटोही काढला. मी हात हलवला. हे पुढे झपाझप. यांच्या खिशात टेप होता, स्टीलचा, आमच्या तळेगावच्या कंत्राटदाराकडून मागून आणलेला.

घर आलं. आता जे होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी नुसती कुरकुरते. घर देखणं होतं. लाल विटा, कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या वर पांढऱ्या दगडाचे पट्टे. खालच्या दोन खोल्यांच्या खिडक्या तीन बाजूंनी काच घेऊन पुढे आलेल्या, जणू घर गाल फुगवून बसलंय. वर छपराच्या त्रिकोणात काळ्या लाकडाच्या पट्ट्या. आणि दक्षिणेला लांबच लांब व्हरांडा. इंग्लंडात कोण व्हरांडा बांधतो? साहेब आधी आपल्याकडे नाहीतर हाँगकाँगला राहिला असणार आणि सवय घेऊन इथे आला असणार. मग कोबेचा हिवाळा लागला आणि त्यानं सगळा व्हरांडा काचांनी बंद करून टाकला. इंग्रजाचं घर, पण उन्हासाठी आपली पडवी हवी, आणि थंडीसाठी ती बंद हवी. मला तो साहेब जरा आवडला. (हे 'जरा' खरंच थोडंसं या अर्थी.)

दारातच अडलं. बूट काढायचे. जपानी घरात बूट काढायला दाराशी खोलगट जागा असते. पण इंग्रजानं ती केली नव्हती, कारण तो बूट घालूनच घरात वावरायचा. त्यामुळे सगळे जण बाहेरच्या पायरीवर एका पायावर उभे. यांच्या नव्या बुटांच्या नाड्यांना मी निघताना दुहेरी गाठ मारून दिली होती. मागे रांग थांबली. सगळे पुन्हा लांब कुठेतरी बघत होते.

आत मोरिता-सान, म्हणजे आपले मोरिताराव, भेटले. सत्तरीचे, बारीक, नीट इस्त्रीचा कोट. जहाज कंपनीतून निवृत्त झालेले आणि आठवड्यातून दोनदा हौसेनं घर दाखवायला येणारे. इंग्रजी शाळेतलं, पण उत्साह भरपूर. दोन निवृत्त माणसं एकमेकांसमोर आली आणि माझ्या लक्षात आलं की आज संध्याकाळपर्यंत आपली सुटका नाही.

हे थेट भिंतीपाशी गेले. "सुधा, बघ. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. प्रत्येक थरात. ही फ्लेमिश पद्धत."

"फुरान्सु," मोरिता-सान अदबीनं म्हणाले.

"फ्लेमिश."

"बाबा, ते फ्रेंच म्हणतायत," मानसी म्हणाली. "इथे या पद्धतीला फ्रेंच म्हणतात."

"कसं म्हणतात? फ्लँडर्स वेगळं, फ्रान्स वेगळं. इंग्लिश पद्धतीत एक थर सगळा लांब, त्यावर एक थर सगळा आखूड. ही फ्लेमिश. सांग त्यांना."

मानसीनं सांगितलं. मोरिता-साननी मान कलती केली, हवा आत ओढली, "सो देसु ने…" (म्हणजे असं होय…) "चोत्तो…"

हे लगेच थांबले. "बरं. त्यांना पटत नाहीये. राहू दे."

मी भिंतीकडे बघत राहिले. घर इंग्लिश, विटांची रचना फ्लेमिश, इथल्या लोकांच्या मते फ्रेंच, आणि मोरिता-साननी सांगितलं की विटा भाजल्या ओसाकाच्या बाजूला कुठेतरी. आणि हे बघायला पुण्याहून आलेली मी, पायात दोन साइज लहान सपाता. बावीस वर्षांच्या बाई, बघा, तुमच्या तिरक्या मानेमुळे काय काय झालं ते.

यांनी खिशातून टेप काढला आणि खिडकीकडे बोट दाखवून विचारलं, "मेजर, ओके?"

मोरिता-सान कसनुसं हसले. "चोत्तो…"

टेप तत्काळ खिशात.

मग घर पाहिलं. दिवाणखान्यात शेकोटी, तिच्याभोवती निळ्या फुलांच्या फरशा. यांनी आत वाकून वर पाहिलं, तर काळोख. जेवणघरात भिंतीवर घंट्यांची पाटी, कुठल्या खोलीतून साहेबानं नोकराला बोलावलं ते कळायला. खिडक्या वरखाली सरकणाऱ्या, चौकटीच्या पोटात दोरीला वजनं टांगलेली. मोरिता-साननी एक उघडून दाखवायचा प्रयत्न केला. पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणाले, आणि तो महिना पावसाचा नव्हता तरी ती उघडली नाही. जिना सुंदर, रुंद, वळणाचा. त्याच्या पलीकडे दुसरा जिना, अरुंद, अंधारा, नोकरांसाठी.

मी त्या दुसऱ्या जिन्याशेजारून मागे गेले. मला स्वयंपाकघर बघायचं होतं. ते सगळ्यात मागे, उत्तरेला, दोन पायऱ्या खाली. खिडकी एक, तीही उंच, तिच्यातून पलीकडची दगडी भिंत दिसायची. तिथून जेवणघरापर्यंत लांब बोळ, मध्ये दोन दारं. मी ओट्याच्या जागी उभी राहिले. या घरात येणारे-जाणारे कोण हे स्वयंपाकघरातल्या बाईला कधीच कळलं नसेल. तिला फक्त घंटा ऐकू आली असेल.

मानसी माझ्या मागे येऊन उभी राहिली. "आई, तळेगावच्या नकाशात पण असंच आहे ना?"

"हो."

"मग तुम्ही बाबांना सांगत का नाही?"

"सांगते की. दरवेळी सांगते."

"काय सांगता?"

"जरा बघू म्हणून."

मानसी माझ्याकडे बघत राहिली. मग तिला एकदम हसू आलं, आणि तिनं तोंडावर हात धरला. "आई, तुम्ही पुण्यात राहून जपानी बोलता."

वरच्या मजल्यावर यांचा आवाज बंद झाला होता. यांचा आवाज बंद झाला की मला काळजी वाटते, म्हणून गुडघे सांभाळत वर गेले. मोरिता-साननी एक कपाट उघडलं होतं. आत कपडे नव्हते. पोलादाचा एक जाड खांब होता, भिंतीच्या रंगाचा रंग दिलेला, आणि त्याला तिरके दांडे. कोबेच्या मोठ्या भूकंपात या घराच्या भिंतींना तडे गेले. दुरुस्त करताना आतून असा सगळा सांगाडा उभा केला.

"म्हणजे भार यावर?" यांनी विचारलं.

मानसीनं विचारून सांगितलं. छप्पर आता पोलादावर आहे. विटा फक्त स्वतःचं वजन उचलतात.

हे खिडकीतल्या बाकावर बसले. "नुसत्या दिसायला," म्हणाले. मला काहीतरी चुरचुरीत सुचलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

"आणि चिमणी पडली," मानसी पुढचं भाषांतर करत होती. "भूकंपात दोन्ही चिमण्या पडल्या."

मिहिका एवढा वेळ कंटाळून कठड्याशी खेळत होती. ती थांबली. आजोबांच्या खिडकीत दाणे खायला येते ती चिमणी तिला पक्की माहीत होती. धुराड्याची तिनं कधी ऐकली नव्हती.

"सुझुमे?" तिनं विचारलं. सुझुमे म्हणजे खरीखुरी चिमणी. मग ओठ थरथरू लागले. "शिन्दा नो?"

"कोण शिंदे?" हे म्हणाले.

"बाबा, मेली का म्हणून विचारतेय," मानसी म्हणाली, आणि तोवर मिहिकानं भोकाड पसरलं. त्या शांत घरात, घंट्यांच्या पाटीपासून शेकोटीपर्यंत. मोरिता-सान घाबरले. या मुलीला धुराडं पडल्याचं एवढं दुःख का, हे त्यांना कळेना. मानसी त्यांना समजावू लागली की आमच्या भाषेत पक्ष्याला आणि धुराड्याला एकच शब्द आहे, आणि समजावता समजावता तिलाच हसू आवरेना. मोरिता-साननी मात्र सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, मिहिकापुढे उकिडवे बसले आणि हळू आवाजात काही म्हणाले. तिनं डोळे पुसले आणि त्यांचं बोट धरलं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, ती बागेत आहे. चल, दाखवतो."

बागेत

पडलेल्या चिमण्यांच्या विटा टाकल्या नव्हत्या. मागच्या बागेत त्यांची पायवाट केली होती. काही विटांच्या एका बाजूला अजून काजळी होती. मिहिकानं कुंपणाजवळून एक रानफूल तोडलं, काळ्या विटेवर ठेवलं आणि हात जोडले. मोरिता-साननीही जोडले. मानसी वर आभाळाकडे बघत उभी राहिली.

आम्ही दोघं बाकावर बसलो. खाली शहर, बंदर, क्रेनच्या माना. यांनी घसा साफ केला.

"पोलादाचं जाऊ दे. आपल्याकडे काही एवढा भूकंप नाही. घर सुंदर आहे की नाही? मग आपलं असंच बांधू या ना? तू म्हणाली होतीस."

मी बंदराकडे बघितलं. मान कलती केली. दातांतून हवा आत ओढली.

"चोत्तो…" मी म्हटलं. आणि थांबले.

हे माझ्याकडे वळले. नूडलवाल्याला अर्ध्या शब्दात ओळखणारा माणूस. त्यांच्या चेहऱ्यावरून ते सरकत गेलं ते मी पाहिलं, आधी गंमत, मग शंका, मग ती गंमत नव्हती हे.

"चोत्तो म्हणजे… चोत्तो?"

"हो."

"कधीपासून?"

"लोणावळ्याहून घाट उतरलो तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. प्लॉट घेताना जरा बघू म्हणाले. नकाशा आला तेव्हा जरा थांबू म्हणाले. विमानात म्हणाले, जरा विचार करू."

"मला वाटलं," हे म्हणाले, "जरा म्हणजे जरा."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. टेप खिशातून काढून हातात फिरवत होते. "बँकेत असताना मला विटेची लांब बाजू कुठली, आखूड कुठली, कळत नव्हतं. तू म्हणालीस म्हणून वाचायला लागलो. रस्त्यानं जाताना भिंती बघायला लागलो. आता मला आवडतात विटा. त्याचं काय करायचं?"

मी इतकी वर्षं समजत होते की हे माझं ओझं वाहतायत, आणि ते वाहता वाहता त्यांचा जीव त्यात गुंतला होता. नाही म्हटलं की सुटका, असा माझा हिशेब. इथे नाही म्हणूनही मी तशीच बसले होते, आणि आता शेजारी एक उतरलेला चेहरा होता.

मोरिता-सान लांबून बघत होते. ते जवळ आले, यांच्या हातातल्या टेपकडे बोट दाखवलं, मग पायवाटेकडे. घराला हात लावायचा नाही, पण वाटेवरची वीट चालेल. दोघं म्हातारे उकिडवे बसले आणि चिमणीची एक वीट मोजू लागले. लांबी, रुंदी, जाडी. हे इंचात सांगायचे, ते सेंटिमीटरमध्ये. मिहिका मध्येच येऊन तिचं फूल सरकवलं म्हणून रागावली.

उतरताना यांनी माझा हात धरला. उतार होता म्हणून असेल. अर्ध्या वाटेवर विचारलं, "ओटा कुठे हवा तुला?"

"पूर्वेला. फाटक दिसेल असा."

"बरं," ते म्हणाले. बाकी टेकडी ते माझ्या गुडघ्यांच्या चालीनं उतरले आणि एकदाही कुरकुरले नाहीत, याचीच मला कुरकुर लागली.

तळेगाव

आमचं घर एक मजली झालं. भिंती गिलावा केलेल्या, पांढऱ्या. ओटा पूर्वेला, आणि फाटकातून कोण येतंय ते मला यांच्या आधी दिसतं. पुढच्या कुंपणाची भिंत मात्र उघड्या विटांची आहे. एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. गवंडी वैतागला होता. हे स्टुलावर बसून प्रत्येक थर बघायचे आणि त्याला सांगायचे, "फ्लेमिश आहे, फ्रेंच नाही." पावसाळ्यात त्या विटांवर शेवाळ येतं. हे दिवाळीआधी ब्रशनं घासतात आणि मला वाकायला लावत नाहीत.

मिहिका आता कॉलेजात आहे. परवा फोनवर बोलताना तिनं आजोबांना चिडवलं, "आजोबा, घर बांधलंत, पण चिमणी नाही." मराठीत चिडवलं, ही माझी मिरवायची गोष्ट. तेव्हापासून यांच्या डोक्यात भुंगा. मागच्या अंगणात, भिंतीला लागून, विटांची एक चूल. तिच्यावर वांगी भाजायची, कणसं भाजायची. आणि तिला धुराडं. चांगलं उंच.

काल संध्याकाळी टेप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी अंगणाकडे पाहिलं. माझ्या कढीपत्त्याच्या झाडाच्या बरोबर शेजारी ती चूल येणार होती. धूर सरळ स्वयंपाकघरात. शिवाय कोण वांगी भाजणार, ते सांगायला नको.

"जरा बघू," मी म्हटलं.

यांनी टेप मिटला. जायला वळले, थांबले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मराठी की जपानी?"

मी कढीपत्त्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. टेपाच्या कडेवर अंगठा ठेवून ते उभे होते, पुढचं वाक्य मागत नव्हते.

"मराठी," मी म्हटलं.

आज सकाळी फाटकात विटांचा टेम्पो आला. ओट्यापाशी उभी होते, म्हणून मला आधी दिसला.